डाव्या कानाला दोन खाचा

माझ्या लहानपणाचा आवाज विचाराल तर तो सत्तुराचा. चिंचेच्या ओंडक्यावर मेंढराची मुंडी उभी धरायची, कपाळाच्या मधोमध एकच घाव घालायचा आणि आतला भेजा न फुटता निघाला पाहिजे, अशी माझ्या वडलांची, आबांची, पद्धत. दुसरा घाव लागला की आबा मेंढराला शिवी देत, तिसरा लागला की जवळ जो असेल त्याला चपराक बसे. जवळ बहुतेक मीच असे, कारण भट्टीच्या पंख्याची मूठ फिरवायचं काम माझं. सोलापुरातल्या मटण बाजाराच्या मागच्या बोळात आमचं पत्र्याचं घर होतं आणि घराच्या पुढ्यात ही भट्टी. दुकानांतून पोत्यात भरून मुंड्या आणि पाय यायचे. ते सळईला लावून निखाऱ्यात धरायचे, केस जळाले की सुरीनं खरडायचे, धुवायचे, परत धरायचे, परत खरडायचे. कातडी तांबूस झाली की मग ओंडका आणि सत्तूर. रविवारी आणि बुधवारी बोळात माणसांची रांग लागे, आणि आठवडाभर जळक्या केसांचा वास आमच्या पांघरुणात, पिठाच्या डब्यात, माझ्या दप्तरात बसलेला असे.

वर्गात माझ्या शेजारी कुणी बसत नसे. एका मुलीनं सगळ्यांदेखत नाक धरलं तेव्हा मी पाटीची कड तिच्या त्याच नाकावर हाणली. रक्ताची धार लागली, बाईंनी मला शाळा सुटेपर्यंत उन्हात उभं केलं. घरी येऊन हे सांगितलं तर आबांनी आपल्या ताटातली जिभेची फोड उचलून माझ्या ताटात टाकली. आमच्याकडं वाटणी ठरलेली होती. भेजा गिऱ्हाइकाचा, जीभ आबांची, आणि आईला नि मला जबड्याच्या हाडांचा रस्सा, त्यात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वर शेंगांची चटणी. जीभ मी तोवर चाखली नव्हती. ती इतकी मऊ लागली की रोज कुणाचं तरी नाक फोडावं असं वाटलं. हे मी गमतीनं लिहीत नाही. त्या घरात कौतुक कशानं होतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढं माझ्या हातून जे झालं त्याचं मूळ तिथंच आहे.

आबा सांगोल्याकडचे. आमचं घराणं मेंढरं राखणारं, पाऊस नसेल त्या वर्षी कळप घेऊन चार-चार महिने बाहेर राहणारं. वाटणीवरून भावाशी बिनसलं तसे आबा आईला घेऊन सोलापुरात आले. धाकटा भाऊ, आमचे अप्पा, कळप घेऊन गावीच राहिले. तरी कळप अजून दोघांचा, असंच आबा धरून चालत. माळावर कुठलं मेंढरू कुणाचं हे कानावरून ओळखतात. कोकरू लहान असतानाच घराण्याची खूण त्याच्या कानावर कातरायची, ती मरेपर्यंत जात नाही. आमची खूण म्हणजे डाव्या कानाच्या कडेला दोन खाचा आणि उजव्या कानाचं टोक उडवलेलं. सुट्टीत गावी गेले की मी आजोबांसमोर बसून कोकरं धरायची. त्यांच्या कानाचं गरम रक्त माझ्या मनगटावरून ओघळायचं, आजोबा त्यावर चुलीतली राख दाबायचे आणि कोकराला सोडून द्यायचे. खूण आहे तोवर आपलं, ही समज घेऊनच आबा शहरात आले होते. त्यांच्या लेखी धंदा म्हणजे हद्द. अमुक तीन दुकानांच्या मुंड्या आपल्या, अमुक गल्ल्यांतली गिऱ्हाइकं आपली, आणि त्यात तोंड घालील तो चोर. एकदा आमचं नेहमीचं गिऱ्हाईक दुसरीकडून मुंडी भाजून घेऊन आलं आणि नुसती फोडून द्या म्हणालं. आबांनी रक्ताळलेल्या हातानं त्याच्या पाठीत असा रट्टा घातला की पांढऱ्या सदऱ्यावर पाचही बोटं उमटली. तो बिचारा तसाच भर बाजारातून घरी गेला. आबा आठवडाभर ही गोष्ट हसून सांगत होते. तो माणूस परत कधी आला नाही, हे फक्त आईच्या लक्षात आलं.

आईची रीत निराळी होती. मुंड्या खपत, पण पाय कुणी घेत नसे. खुरं काढा, केस जाळा, तास दोन तास शिजवा, एवढा वेळ कुणाकडं होता. आईनं पाहिलं की विड्यांच्या कारखान्यातल्या बायका, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या, दिवसभर बसून बसून गुडघे धरून उठतात, आणि पायांचा रस्सा गुडघ्यांना चांगला म्हणतात. तिनं चार पाय स्वच्छ खरडून, लहान तुकडे करून, पळसाच्या पानात बांधले, बरोबर वाटलेल्या मसाल्याची गोळी ठेवली आणि कारखाना सुटायच्या वेळी दारात जाऊन बसली. पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एका म्हातारीला पुडकं फुकट दिलं आणि कसं शिजवायचं ते हातवारे करून सांगितलं. फुकट दिलं हे आबांना कळलं, तेव्हा त्यांनी पंख्याची लोखंडी मूठ काढून तिच्या तोंडावर मारली. पुढचा दात ओंडक्याखाली जाऊन पडला. आई चूळ भरून आली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ती बाई कालपतुर आपलं गिऱ्हाईक नव्हती. आता हाय." आणि खरंच, महिन्याभरात चाळीस पुडकी जायला लागली. ज्या घरांत पाया कधी शिजला नव्हता त्या घरांत तो शिजू लागला. त्याचं श्रेय आबांनी आपल्या दराऱ्याला दिलं.

परवा माझी नात कॉलेजचं पुस्तक घेऊन माझ्या दुकानात बसली होती. आता आमच्याकडं कोळशाची भट्टी नाही, केस जाळायला गॅसच्या बंदुकी आहेत आणि गिऱ्हाइकं फोनवर सांगतात. तिला लिहायचं होतं की व्यवसायाचा हेतू काय आणि त्याची मूळ कामं कोणती. खरेदी, उत्पादन, विक्री, नफा अशी लांबलचक यादी तिनं मला वाचून दाखवली. मी म्हटलं, कामं दोनच. जिथं गिऱ्हाईक नाही तिथं ते तयार करायचं, आणि त्याला आज दिलं त्याहून उद्या बरं काहीतरी द्यायचं. बाकीचं सगळं त्यापायी करावं लागतं म्हणून करायचं. तिनं वहीत लिहून घेतलं आणि हे कुठं शिकलीस असं विचारलं. मी तिला तुझ्या पणजीकडं असं उत्तर दिलं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं मी शिकले म्हाळप्पा मामांकडं, आणि त्यासाठी एका माणसाचा हात गेला.

म्हाळप्पा अक्कलकोटकडचे. तेही मेंढरंवाल्यांतलेच, पण बोलणं अर्धं कानडी. बायको नीलव्वा आणि ते, दोघांनी बोळाच्या पलीकडच्या तोंडाला भट्टी मांडली. मांडली ती अशी की समोर एक लाकडी बाक, म्हाताऱ्यांना बसायला. मुंडी फोडण्याआधी ते गिऱ्हाइकाला विचारत, दोन करू की चार, भेजा वेगळा बांधू का, घरी कोण करणार आहे. आबांनी हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. पहिल्याच रविवारी आबांनी तो बाक सत्तुरानं फोडून त्यांच्याच भट्टीत घातला. पुढच्या रविवारी नवा बाक होता. मग आबांनी पेटत्या भट्टीत घागरभर पाणी ओतलं, त्या वाफेनं नीलव्वाचा दंड भाजला. म्हाळप्पांनी त्या वेळी मात्र आबांना धरून गटारात पाडलं, दोघं एकमेकांना चावले, ओरबाडलं, आणि बाजारच्या माणसांनी मध्ये पडून सोडवलं. मी कडेला उभी राहून आबांच्या नावानं ओरडत होते, आणि मला मजा येत होती.

शेवटी बाजारातले एक वयस्कर दुकानदार, ज्यांना सगळे चाचा म्हणत, त्यांनी दोघांना समोर बसवलं. या तीन दुकानांच्या मुंड्या आमच्या, त्या चार दुकानांच्या म्हाळप्पांच्या, आणि जो दुसऱ्याच्या पोत्याला हात लावील त्याला बाजारात कुणी माल देणार नाही, असं त्यांनी ठरवून दिलं. आबा कबूल झाले. घरी आल्यावर मात्र म्हणाले की तो एक दिवस हात लावणारच, आणि त्या दिवशी तो हात ऱ्हाणार न्हाय. तेव्हापासून आमच्या घरात सगळे त्या एका गोष्टीची वाट बघत होतो. आई भीतीनं, आबा आशेनं. आणि मी आबांच्या बाजूची.

आईचं आणि नीलव्वाचं मात्र आतून बरं चाललेलं असायचं. एका रविवारी सकाळी आईनं मला त्यांची पातेली परत द्यायला पाठवलं. रांगेत आठ-दहा माणसं होती. म्हाळप्पांनी मला बघितलं, "कुंद्रु, यव्वा," म्हणजे बस गं बाई, म्हणाले आणि नीलव्वानं हातावर गुळाचा खडा ठेवला. पोत्यातून नुकत्याच काढलेल्या मुंड्या फरशीवर ओळीनं मांडल्या होत्या. गूळ चघळत मी बघत होते, आणि ओळीतल्या चौथ्या मुंडीच्या डाव्या कानाला मला दोन खाचा दिसल्या. उजव्या कानाचं टोक नव्हतं. मी वाकून नीट बघितलं. वर मान केली तर म्हाळप्पा माझ्याकडंच बघत होते. मी उठले आणि पळत घरी आले.

तेव्हा माझ्या मनात नक्की काय चाललं होतं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. आमच्या घराण्याचं मेंढरू त्यांच्याकडं कसं आलं असेल याचा मी क्षणभरही विचार केला नाही. मेंढरू विकलं जातं, बाजारात जातं, कुठल्याही दुकानात कापलं जातं, हे शेंबड्या पोरालाही कळतं, तसं मलाही ठाऊक होतं. पण खूण दिसली की आपलं, आणि आपलं दुसऱ्याकडं दिसलं की चोरी, हे त्याहून खोल बसलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला ती जिभेची फोड परत हवी होती. आबांना मी सांगितलं, "आपल्या खुणंची मुंडी म्हाळप्पाकडं हाय. मी माज्या डोळ्यांनी बगितली." आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात ओला आणि गरम होता. मग ते उठले, सत्तूर घेतला आणि चालू लागले. आई घरातून धावत आली तोवर ते बोळाच्या मध्यावर पोचले होते.

मी त्यांच्या मागोमाग धावले. रांगेतली माणसं बाजूला झाली, पण कुणी गेलं नाही. म्हाळप्पा ओंडक्यामागं बसले होते. आबांना बघून ते घाईनं म्हणाले, "थांबा थांबा, दाखवतो," आणि मागं ठेवलेल्या पोत्याकडं वाकले. आबांची पाठ माझ्या तोंडासमोर होती, मला फक्त म्हाळप्पांचं वाकणं दिसलं आणि पोत्यातून वर येणारा हात; ते काय सांगत होते ते गलक्यात मला ऐकू आलं नाही. आबांनी सत्तूर उलटा करून पाठीच्या जाड बाजूनं तो हात ओंडक्यावर ठेचला. एकदा, दोनदा. तिसरा घाव बोटांवर बसला. हाडाचा आवाज मला रोज ऐकून माहीत होता, तरी हा आवाज वेगळा होता, कारण त्याच्या मागोमाग माणूस ओरडला. नीलव्वानं आबांचे केस धरून त्यांना मागं खेचलं तर त्यांनी कोपरानं तिचा ओठ फाडला. म्हाळप्पा आपला हात दुसऱ्या हातात धरून त्याच्याकडं बघत बसले होते, आणि रक्त ओंडक्यावरून मुंड्यांवर गळत होतं.

पोलिसांनी आबांना नेलं. चौकीत मला विचारलं, तू होतीस, काय बघितलंस. आई शेजारी उभी होती, तिनं मला काहीच शिकवलं नव्हतं. मी आपणहून सांगितलं की म्हाळप्पा मामा पोत्यातला सुरा काढायला वाकले, म्हणून आबांनी मारलं. मी सुरा बघितला नव्हता. पण तो माणूस वाकला तो सुऱ्यासाठीच असणार, असं मला वाटत होतं, आणि एकदा बोलल्यावर तो सुरा मला दिसायलाही लागला. रांगेतल्या माणसांपैकी कुणी साक्षीला आलं नाही. चाचांनी मध्ये पडून मिटवलं, चौथ्या दिवशी आबा घरी आले.

त्याच आठवड्यात अप्पा गावाहून आले. चारा मिळेना, प्यायचं पाणीसुद्धा टँकरचं, म्हणून त्यांनी सहा मेंढरं सांगोल्याच्या बाजारात विकली होती. ती सोलापूरच्या एका दुकानदारानं घेतली, आणि ते दुकान म्हाळप्पांच्या चारांतलं. बिनविचारता विकली म्हणून आबा रागावतील, या धाकानं अप्पा स्वतः सांगायला आले होते. मी भिंतीला टेकून ऐकत होते. आबांनी अप्पांना एक शब्द विचारला नाही. उलट मेंढरं विकल्याबद्दल त्यांच्या कानफटात मारली.

पुढच्या रविवारी आमच्या भट्टीपुढं तीन माणसं आली, बुधवारी एकही नाही. कुणी भांडलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही, नुसती माणसं पलीकडच्या रस्त्यानं जायला लागली. कारखान्याच्या दारात आईजवळ पहिलं पुडकं नेणारी ती म्हातारी आली आणि तुझ्या घरचं आता नको, असं हात हलवून सांगून गेली. आई एवढा मार खायची, पण मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं; त्या संध्याकाळी ती रस्त्यातच बसून रडली. घरी आली ती तोंड धुवून, सुऱ्या आणि मसाल्याचा डबा टोपलीत भरूनच. आबांना म्हणाली, "तुमी बसा तुमची हद्द राकत. मी गिऱ्हाइकाकडं चालले." आबांनी उठून तिच्या झिंज्या धरल्या. तिनं टोपलीतली सुरी काढून त्यांच्या पोटाला टेकवली आणि त्यांनी झिंज्या सोडेपर्यंत तशीच धरली. मग माझा हात धरून मला ओढत म्हाळप्पांच्या भट्टीवर नेलं आणि नीलव्वाला सांगितलं की त्यांचा हात बरा होईस्तोवर ही पोरगी खरडील, मी पाय करीन.

नीलव्वानं मला आत घेतलं ते माझ्या आईकडं बघून. माझ्याशी ती पंधरा दिवस बोलली नाही. म्हाळप्पांचा हात फळीला बांधलेला, बोटं काळीनिळी. ते बाकावर बसून गिऱ्हाइकांशी बोलत आणि मी कशी खरडते ते बघत. केस उलट्या बाजूनं खरड, डोळ्याभोवती घाई नको, एवढंच सांगत. गर्दी वाढत होती. आईचा पाया आणि त्यांची मुंडी एकाच ठिकाणी मिळते हे लोकांना आवडलं होतं. महिन्यानं फळी काढली तेव्हा तीन बोटं मिटेनात. त्या दुपारी गर्दी ओसरल्यावर मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं की आबांना मीच सांगितलं होतं, आणि पोलिसांना सुऱ्याचंही मीच.

"ठाव हाय," ते म्हणाले. "तू कान बगितलीस ते मी बगितलो की. तुज्या बाची खूण मला बी ठाव हाय. म्हणून ती मुंडी भाजलो नाही, पोत्यात बाजूला ठिवलो. म्हटलो, तो येईल, विचारेल, तर दाखवू, दुकानाचं नाव सांगू." मग ते म्हणाले, "तीच काढायला वाकलो, यव्वा."

मी घरी गेले. आबा थंड भट्टीसमोर उकिडवे बसले होते, दाढी वाढलेली. माझा मार खायचा धाक त्या दिवशी संपला होता, कारण त्याहून वाईट काहीतरी माझ्या आत चाललं होतं. मी दारातच उभी राहून मोठ्यानं सांगितलं की त्याच्याजवळ सुरा नव्हता, तो मुंडी दाखवायला वाकला होता. आबा उठतील असं वाटलं. ते उठले नाहीत.

"बगितली व्हती मी मुंडी," ते म्हणाले. "त्याच्या हातात. कान बी बगितला. त्यो दुकानाचं नाव सांगत व्हता."

"मग?"

"मग काय. सत्तूर वर गेल्याला व्हता. आन् समदी गिऱ्हाइकं बगत व्हती."

दुसऱ्या दिवशी शाळेत न जाता मी चौकीत गेले. तेच हवालदार होते. मी त्यांना सांगितलं की सुऱ्याचं मी खोटं बोलले, म्हाळप्पा मामांच्या हातात मुंडी होती, तसं लिहून घ्या. त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. मग ते प्रकरण कधीच मिटलं आहे, त्याचा कागद आता उघडत नाही, असं समजुतीनं म्हणाले. मी जायला वळले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. नव्या भट्टीचं बरंच ऐकलंय, येत्या रविवारी माझ्यासाठी एक मुंडी आणि चार पाय बाजूला ठेव, असं त्यांनी सांगितलं.

मी ठेवले.